अनुशेष

‘अनुशेष’ हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. अर्थ कळत नव्हता, पण तो बापूंचा, माझ्या वडिलांचा शब्द आहे एवढं कळत होतं. संध्याकाळी ओट्यावर आकाशवाणी परभणीच्या बातम्या लागायच्या, बापू पेपरची घडी गुडघ्यावर ठेवायचे आणि समोर बसलेल्याला समजावून सांगायचे, "आपल्या वाट्याचं पाणी, आपल्या वाट्याच्या नोकऱ्या, आपल्या वाट्याची कॉलेजं तिकडंच राहिली. हा अनुशेष आहे. भीक नाही मागत आपण." शेवटचं वाक्य ते दरवेळी म्हणायचे, आणि म्हणताना आवाज थोडा चढायचा.

1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात बापू होते. तेव्हा ते परभणीला शिकत होते. पुढे जिल्हा परिषदेचे मास्तर झाले, पण आंदोलन त्यांच्या अंगातून कधी गेलं नाही. एका पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची कात्रणं असायची. मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी 1953 साली झालेल्या नागपूर करारातली कलमं त्यांना पाठ होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात मागे पडला, 17 सप्टेंबर 1948 ला मोकळा झाला; त्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यायचं असं त्या करारात लिहून ठेवलंय. निधीच नव्हे, तर तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेश, सरकारी नोकऱ्या, यांतही लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्यायचा असं ठरलं होतं. पुढे घटनेच्या कलम 371(2) मध्येही विदर्भ-मराठवाड्याच्या तंत्रशिक्षणाची आणि नोकऱ्यांतल्या संधीची तजवीज आली. 1983 साली प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली आणि तिनं कुठल्या विभागात रस्ते किती कमी, सिंचन किती कमी, याचा हिशोबच मांडला. त्या अहवालानं ‘अनुशेष’ हा शब्द सरकारी केला. बापूंना तो आपलाच विजय वाटायचा.

हे सगळं सांगते आहे ते प्रवेशाबद्दल बोलायचंय म्हणून. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. दरवर्षी जून-जुलै आला की शिकवण्यापेक्षा कागद तपासण्यात माझे दिवस जातात. बारावीची मुलं सीईटीचा निकाल घेऊन येतात. त्यांचे फॉर्म भरून द्यायचे, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, डोमिसाइल क्रमानं लावून द्यायचं, पहिल्या राउंडला कुठले पर्याय टाकावेत ते सांगायचं. आईबापांना यातलं काही उमगत नाही. ते फक्त विचारतात, "लागंल का हो नंबर?" आणि राउंड लागल्या दिवशी याच टेबलाशी मुलं एकमेकांचे पर्सेंटाइल पाहतात आणि एकमेकांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागतात. कालपर्यंत एका बाकावर बसलेली.

2023 च्या पावसाळ्यात माझा भाचा या टेबलाशी होता. त्याला 93 पर्सेंटाइल. इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर हवं होतं आणि पुण्याचं एक कॉलेज हवं होतं, ते पहिल्या राउंडला लागलं नाही. त्याच्या वर्गातल्या एका मुलाला राखीव जागेवर 84 ला लागलं. रात्री घरी आला, जेवला नाही. "आत्या, माझं काय चुकलं ते सांग." मला उत्तर देता आलं नाही, कारण त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पहाटे चारला उठून अभ्यास केलेलं पोर. बापाला, म्हणजे माझ्या भावाला, साडेतीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. आजोबांच्या काळची जमीन तीन पिढ्यांत वाटण्या होत होत एवढीच उरली. ही मराठ्यांच्या पोरांची चीड वरवरची आहे असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. मी त्या घरातली आहे.

त्याच आठवड्यात त्यानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 29 जून 2023 ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशातला वंशाचा विचार घटनाबाह्य ठरवला, ती बातमी. खाली मोठ्या अक्षरांत, ‘अमेरिकेत आरक्षण बंद’. भाचा म्हणाला, "बघ, त्यांना कळलं."

मी त्याला बसवून सांगितलं की बाबा, तिकडं आपल्यासारख्या राखीव जागा नव्हत्याच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या वैद्यकीय कॉलेजात 100 पैकी 16 जागा वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यावर ॲलन बाकी नावाचा गोरा उमेदवार कोर्टात गेला आणि 28 जून 1978 ला कोर्टानं ते बंद केलं. तेव्हापासून एवढंच चालायचं की अर्ज वाचताना इतर गोष्टींबरोबर वंशाकडेही बघायचं. 2023 ला तेही गेलं. मुलानं निबंधात आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला ते लिहिलं तर तेवढं विचारात घेता येईल, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात आहे. आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना हार्वर्ड जे झुकतं माप देतं, त्याला त्या निकालानं हात लावला नाही. बापजादे तिथं शिकले त्यांच्यासाठीचं दार उघडंच राहिलं. तिथली गुलामगिरी वेगळी, इथली गावकुसाबाहेरची वस्ती वेगळी, घटनाही वेगळ्या. आपल्याकडे 1951 साली पहिली घटनादुरुस्ती झाली ती इतर गोष्टींबरोबर याच प्रश्नावर. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात कॉलेजमधल्या जातवार जागा रद्द झाल्या आणि संसदेनं कलम 15 मध्ये चौथं उपकलम घातलं. म्हणजे आपण वाद घालून, ठरवून ही वाट धरलेली आहे.

त्याला ते पटलं असं वाटलं नाही. रागावलेल्या पोराला निकालपत्रं सांगून काय होणार!

तिसऱ्या राउंडला त्याला आपल्याच भागातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लागलं. अलॉटमेंटचा कागद मीच प्रिंट काढला. त्यावर जागेचा प्रकार इंग्रजी अक्षरांत असतो, ज्यांनी कटऑफच्या याद्या पाहिल्यात त्यांना माहीत असेल. पहिलं अक्षर जी किंवा एल. एल म्हणजे मुलींसाठी. मध्ये प्रवर्ग. आणि शेवटी एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, त्या विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं. ओ म्हणजे बाहेरची. एस म्हणजे राज्यभराची. भाच्याच्या कागदावर ‘ओपन’च्या पुढे एच होतं. मी यादी काढून पाहिली. त्याच कॉलेजात, त्याच शाखेला, बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या खुल्या मुलाचा कटऑफ भाच्याच्या पर्सेंटाइलपेक्षा वर होता. म्हणजे पुण्या-नाशिकचं एखादं पोर त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवूनही त्या जागेवर येऊ शकलं नव्हतं, कारण ती जागा आपल्या भागातल्या मुलांसाठी राखून ठेवलेली होती.

मी त्या एचवर बोट ठेवलं आणि त्याला दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण आत्या, हे वेगळं आहे. आपल्याकडं क्लास नाहीत, शाळा नाहीत नीट, म्हणून आहे हे."

म्हणून आहे हे! मी पुढे काही बोलले नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि मला नेमकं तेच म्हणायचं होतं.

विभागाच्या बाबतीत आपल्या लोकांना हे चटकन कळतं. पुण्याच्या मुलाचे 95 आणि जिंतूर-सेलूच्या मुलाचे 93 यांत कोण जास्त चाललंय हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि गरज बदलली की आपण भाषाही बदलतो. वैद्यकीय प्रवेशात 70 टक्के जागा विभागाच्या आणि 30 टक्के राज्याच्या असं होतं. लातूर पॅटर्ननं इकडच्या मुलांचे गुण वाढले, कॉलेजं मात्र इकडं थोडी. त्यामुळे मराठवाड्याचा कटऑफ वर जायला लागला आणि मग आपणच म्हणू लागलो की विभागाची भिंत पाडा, गुणवत्तेवर होऊ द्या. सप्टेंबर 2020 मध्ये ती पडली. दोन्ही वेळच्या मागण्या मला चूक वाटत नाहीत. पण गुणवत्ता ही काही हवेतून पडत नाही, ती कुठल्या जमिनीत उगवली हे बघावं लागतं, हे आपण जाणून असतो. फक्त गावाच्या वेशीच्या आत आलो की विसरतो.

बापूही विसरले होते. हे लिहिताना हात जड होतो.

मी 1978 च्या पावसाळ्यात जन्मले. अमेरिकेत त्या ॲलन बाकी खटल्याचा निकाल लागून महिना झाला होता. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारलं. बापू घरं जाळणाऱ्यांत नव्हते, पण ठरावाविरुद्धच्या मोर्चात होते. ‘मराठवाडा’ हे नाव आपल्या लढ्याचं आहे, ते बदलू नये, असं ते म्हणत. चारच वर्षांपूर्वी ज्यांनी स्वतःसाठी वाटा मागितला होता, त्यांच्यातले पुष्कळ जण त्या मोर्चांत होते. आणि बापूंना ज्यांनी इंग्रजी शिकवलं, ज्यांच्यामुळे बापू मॅट्रिक झाले असं ते स्वतः सांगत, ते गुरुजी मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली औरंगाबादला सुरू केलेलं ते कॉलेज. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या या भागात ते आलं आणि तिथं सगळ्या जातींची मुलं शिकली, कुणब्यांची, मराठ्यांचीही. आमच्या घरात जे काही इंग्रजी आलं ते नागसेनवनातून, त्या कॉलेजच्या आवारातून आलं.

14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, ‘मराठवाडा’ ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. मी दहावीत होते. संक्रांतीचा दिवस. बापू त्या दिवशी पेपर घेऊन ओट्यावर बसले आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी, आजारी असताना, एकदाच म्हणाले, "आपण तेव्हा चुकलो. त्यांचाबी अनुशेषच होता." नंतर तो विषय काढला नाही, मीही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

2023 च्या हिवाळ्यात तहसीलच्या रेकॉर्ड रूमबाहेर रांगा लागल्या होत्या. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले, तेव्हा सरकारनं मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. कुणबी ओबीसीत येतात, म्हणून जो तो आजा-पणज्याच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलेलं सापडतंय का ते शोधत होता. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचे जुने रजिस्टर, मोडीतले कागद, उर्दूतले कागद. मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा कुठून कुठून बोलावणी येत होती. माझा भाऊ धाकट्या मुलीसाठी शोधत होता आणि मला सोबत घेऊन गेला होता.

रांगेत आमच्याच गावचा एक जण भेटला. मातंग वस्तीतला. त्याची मुलगी आमच्या कॉलेजात बारावीला, माझ्याच वर्गात. गणितात फार हुशार नाही, पण उदाहरण सुटेपर्यंत वही सोडत नाही अशी. तिच्या व्हॅलिडिटीसाठी तो पुरावा शोधत होता. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961. या तारखा मला आता झोपेतही सांगता येतील. तो म्हणाला, "अक्का, आमची जात अख्ख्या गावाला ठावं हाय. कागदालाच ठावं न्हाई." मला अक्का म्हणणारे त्या रांगेत दोघं होते, एक माझा सख्खा भाऊ आणि एक हा.

भावाला खासऱ्यात आमच्या चार पिढ्यांची नावं सापडली. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, सगळं. ‘कुणबी’ हा शब्द सापडला नाही. तो हिरमुसून बाहेर आला. आणि त्या दुसऱ्याच्या घरचं कुणीच त्या खोलीत कुठल्या कागदावर नव्हतं. जमीन असेल त्याचं नाव खासऱ्यात. यांच्याकडे कधी गुंठाभर नव्हती. शाळेत गेला असेल त्याचं नाव रजिस्टरला. यांना शाळेच्या पायरीवर कोण बसू देत होतं? ज्यांना शाळेबाहेर ठेवलं त्यांनीच आता शाळेतला पुरावा आणायचा. खोटे दाखले काढणारे आहेत, म्हणून तपासणी लागते हे मला मान्य आहे, टेबलाशी बसून मी तेही पाहिलंय. तरी त्या दिवशी ती अट मला पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षं ती मी मुलांना नुसती वाचून दाखवत होते.

गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक बापूंचे विद्यार्थी. मी त्यांना फोन केला आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघं शाळेत गेलो. लोखंडी कपाटातून त्यांनी लाल फडक्यात बांधलेला बस्ता काढला. जुनं रजिस्टर, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. पानं उलटताना बोटाला भुकटी लागत होती. तासाभरानं सापडलं. त्याच्या वडिलांचं नाही, चुलत्याचं. दाखल, जुलै 1949. जात, मांग. प्रगती, बरी. वर्तन, चांगले. शाळा सोडल्याची तारीख, फेब्रुवारी 1950. इयत्ता, पहिली. कारण, ‘सतत गैरहजर’.

तो खूश झाला. मी मात्र त्या दोन शब्दांवर अडकले. कारण तो चुलता कुठं गैरहजर होता ते मला माहीत आहे. तो आमच्या गोठ्यात होता. आजी त्याच्या गोष्टी सांगायची. सात वर्षांचं पोर, आमच्या वाड्यातल्या गुरांमागे ठेवलेलं. सालाला ज्वारी आणि कपडे. पावसात गुरं ओढ्यापलीकडे अडकली तेव्हा रात्रभर तिथंच बसून राहिला होता, एकही जनावर जाऊ दिलं नाही, असं आजी मोठ्या कौतुकानं सांगायची. त्याच सुमारास माझे आजोबा बापूंच्या थोरल्या भावाला शिकायला परभणीला ठेवायची तजवीज करत होते. ते शिकले, मग बापू शिकले, मग मी शिकले. आमची गुरं कुणीतरी राखत होतं म्हणून आमच्या घरातलं पोर हजर होतं.

हे मी भाच्याला सांगितलं. हिशोबाच्या भाषेत नाही, जसं इथं लिहिलं तसंच. त्याला दोष द्यायचा नव्हता. सात वर्षांच्या त्या पोराचं देणं 2005 साली जन्मलेल्या मुलानं का फेडायचं, असं तो विचारू शकतो आणि त्यानं विचारलंही. माझ्यापाशी उत्तर एवढंच आहे की बापूंनीही दुसऱ्या कुणाच्या पिढीचंच देणं मागितलं होतं. निजामाच्या वेळी शाळा काढल्या नाहीत त्यात 1974 च्या पुणेकर पोराचा काय दोष होता? तरी आपण वाटा मागितला, आणि तो आपला हक्क होता.

माझ्या मनातही प्रश्न आहेत. दोन पिढ्या शिकलेल्या, शहरात फ्लॅट असलेल्या घरातलं मूल आणि या रांगेतल्या माणसाची मुलगी एकाच यादीत येतात, हे मला खटकतं. सर्वोच्च न्यायालयानं 1 ऑगस्ट 2024 ला अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची वाट मोकळी केली तेव्हा मातंग वस्तीत पेढे का वाटले गेले ते मी समजू शकते, आणि त्यामुळे बौद्ध वस्तीत चिंता का पसरली तेही समजू शकते. राज्यात आरक्षण 50 टक्क्यांच्या पलीकडे किती न्यायचं, फेब्रुवारी 2024 चा मराठ्यांचा 10 टक्क्यांचा कायदा टिकेल का, हे कोर्ट ठरवेल. मला त्यापेक्षा जास्त राग खासगी कॉलेजांच्या फीचा येतो. संस्थेच्या कोट्यातली जागा लाखांनी विकत घेतलेल्या मुलाचा पर्सेंटाइल आमच्या टेबलाशी कुणी विचारत नाही. त्या मुलाकडे पाहून भाच्याला कधी वाटत नाही की यानं माझी जागा घेतली. आणि आमच्या भागात सरकारी जागाच एवढ्या थोड्या की भाकरीच्या चतकोरावरून दोन भुकेले एकमेकांचे हात धरतात. माझ्या भावाची भूक खरी आहे. पण तिचं उत्तर त्या मातंगाच्या ताटात नाही, हे मला भावाला समजावून सांगता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. आमचं त्यावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालंय.

मुलीची व्हॅलिडिटी आली ती 2024 च्या प्रवेशाच्या ऐन तोंडावर. बाप-लेक दोघं टेबलाशी आले. मुलीनं सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून आणले होते. मी एकेक पाहत गेले. दहावी, बारावी, सीईटी, दाखला, व्हॅलिडिटी. शेवटी शाळेच्या रजिस्टरच्या त्या निर्गम उताऱ्याची झेरॉक्स निघाली. व्हॅलिडिटी असल्यावर त्याची गरज नसते. सवयीनं मी ती काढली आणि बाजूच्या रद्दीवर ठेवली.

बापानं टेबलावरून हात लांब करून ती उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि घडी न करता परत फोल्डरमध्ये घातली.

"ऱ्हाऊ द्या अक्का," तो म्हणाला. "काकाचं नाव दुसरीकडं कुठंच लिव्हलेलं न्हाई."